मूठभर धान्यावर उभे राहिलेले शिक्षण

महाराष्ट्रातील शिक्षणप्रसाराचा इतिहास लिहिताना आपण शाळांची संख्या मोजतो, कायद्यांच्या तारखा नोंदवितो आणि संस्थापकांच्या तसबिरींना हार घालतो. परंतु शिकण्याच्या ओढीने खेड्यातून निघालेला मुलगा तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी पोहोचल्यावर त्या रात्री कोठे निजला आणि दुसऱ्या दिवशी काय जेवला, हा प्रश्न बहुधा मागेच राहून जातो. वास्तविक गरीब मुलाच्या वाटेतील सर्वांत मोठा अडसर शाळेची फी हा क्वचितच असे. फी माफ होऊ शके, पुस्तके वरच्या वर्गातील मुलांकडून मिळत, आणि दिवा नसेल तर देवळात किंवा रस्त्यावरच्या कंदिलाखाली बसून वाचणारे विद्यार्थी काही थोडे नव्हते. दोन वेळच्या भाकरीला मात्र अशी पळवाट नव्हती. म्हणूनच या प्रदेशात ज्यांनी विद्या खरोखर तळापर्यंत पोहोचविली, त्यांनी शाळेच्या इमारतीइतकीच, किंबहुना तिच्याही आधी, स्वयंपाकघराची तजवीज केली. आणि ही स्वयंपाकघरे सरकारी खजिन्यापेक्षा आसपासच्या रयतेच्या कणगीवर अधिक चालली, ही गोष्ट आजच्या वाचकाने ध्यानात घेण्यासारखी आहे.

एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्याही पूर्वार्धात पुणे, नाशिक, वाई यांसारख्या गावी परगावच्या विद्यार्थ्याची सोय दोन मार्गांनी होत असे. एक माधुकरीचा आणि दुसरा वारांचा. माधुकरी मागणारा मुलगा दुपारी झोळी व पात्र घेऊन ठरलेल्या घरी जाई आणि मिळेल ते अन्न एकत्र कालवून खाई. वार लावून जेवणारा मुलगा सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे आठवड्याचे सात दिवस सात घरी वाटून घेई, आणि एखादा वार रिकामा राहिला तर त्या दिवशी पाणी पिऊन अभ्यासाला बसे. पुण्याच्या अनाथ विद्यार्थी गृहाची १९०९ साली स्थापना झाली, तीही अशाच मुलांच्या आधारासाठी. या व्यवस्थेने कितीतरी विद्वान घडविले, याबद्दल त्या घरांतील गृहिणींचे ऋण मानलेच पाहिजे. पण तिला एक मोठी मर्यादा होती आणि ती स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ज्या घरांची दारे उघडत ती जातीच्या ओळखीवर उघडत. कुणब्याच्या, धनगराच्या, लोहाराच्या मुलाला शहरात वार लावायला सात घरे कोठून मिळणार, आणि महाराच्या किंवा मांगाच्या मुलाने तर कोणाच्या ओसरीवर पान मांडून बसायचे? शाळा कायद्याने सर्वांना खुली झाली तरी जेवणाची पंगत खुली झालेली नव्हती, आणि म्हणून शाळेचा खुलेपणा हा बराचसा कागदावरच राहिला.

हे मर्म ओळखून त्यावर राजसत्तेच्या बळाने उपाय योजणारे अग्रगण्य राज्यकर्ते म्हणजे कोल्हापूरचे राजर्षी शाहू छत्रपती होत. सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एकच वसतिगृह चालवून पाहण्याचा प्रयोग करवीर संस्थानात आधी झाला होता; परंतु व्यवहारात ते वसतिगृह ब्राह्मण विद्यार्थ्यांपुरतेच उरले. तेव्हा महाराजांनी दुसरी वाट धरली. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले, त्याच वर्षी जैन विद्यार्थ्यांची सोय झाली, १९०६ साली मुसलमान विद्यार्थ्यांसाठी आणि १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले, आणि पाहता पाहता कोल्हापूर हे वसतिगृहांचे गाव बनले. जागा, इमारत, वार्षिक तैनात दरबारकडून मिळे. परंतु ज्या त्या समाजाने आपापल्या वसतिगृहाची चिंता वाहावी, वर्गणी जमवावी, मुलांच्या वर्तनावर लक्ष ठेवावे, असा शिरस्ता घालून दिलेला होता. जातवार वसतिगृहे काढल्याने जातिभेद वाढला नाही काय, असा आक्षेप तेव्हाही घेतला जात असे. या आक्षेपात तथ्यांश आहे. परंतु ज्याला पंगतीतच जागा नव्हती, त्याला आधी पान मिळणे अगत्याचे होते.

या आक्षेपाचे खरे उत्तर दिले ते त्याच कोल्हापुरात शिकलेल्या एका विद्यार्थ्याने. भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे झाला. जैन बोर्डिंगात राहून ते शिकत असता मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला गेले, परत आल्यावर स्नान करून शुद्ध होण्याचे त्यांनी नाकारले, आणि त्यापायी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांच्या चरित्रात प्रसिद्ध आहे. शिक्षण अर्धवट राहिले. पुढे त्यांनी ओगले काच कारखान्याचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकण्याचा व्यवसाय केला. या निमित्ताने सातारा, सांगली भागातील खेडी त्यांनी अक्षरशः पायांखाली घातली, आणि शेतकऱ्याच्या घरात काय असते व काय नसते याचे त्यांना आलेले ज्ञान पुढच्या कार्याला फार उपयोगी पडले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, दसऱ्याच्या दिवशी, कराड तालुक्यातील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली, आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढून संस्थेचे ठाणे तेथे हलविले. या वसतिगृहात मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशा सर्व मुलांनी एकत्र राहायचे, एकत्र शिजवायचे आणि एका पंगतीत जेवायचे, असा पहिल्यापासूनचा दंडक होता. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले.

आता हे वसतिगृह चालले कसे, हा या लेखाचा खरा विषय आहे. भाऊरावांपाशी जहागीर नव्हती, आणि ज्यांच्या मुलांसाठी हा खटाटोप होता त्यांच्याजवळ रोख पैसा तर नव्हताच. सुगी झाली की सावकाराचे देणे भागवून उरेल त्यावर वर्ष काढणारी ही कुटुंबे. अशा माणसांकडे दरमहा वर्गणी मागणे म्हणजे त्यांना नकार देण्याची लाज भोगायला लावणे. म्हणून भाऊरावांनी पैशाऐवजी धान्य मागितले, आणि तेही मुठीने. याला मुष्टिफंड असे नाव पडले. पहाटे जात्यावर बसण्यापूर्वी घरातील बाईने दळणाच्या सुपातून एक मूठ ज्वारी किंवा बाजरी काढून कोपऱ्यातील निराळ्या मडक्यात टाकायची. मडके भरले की वसतिगृहाची मुले पोते घेऊन घरोघर फिरायची आणि ते धान्य गोळा करून न्यायची. एका मुठीने कोणाची चूल थंड होत नाही. पण गावातील दोनशे घरांच्या मुठी एकत्र झाल्या म्हणजे आठवड्याला पोते उभे राहते, आणि अशी दहा गावे जोडली म्हणजे एका वसतिगृहाचे कोठार चालते.

या योजनेकडे बारकाईने पाहिले असता तिच्यातील शहाणपण थक्क करणारे वाटते. देणारी व्यक्ती बहुतेक घरांत स्त्री होती, आणि मूठभर धान्यासाठी तिला कोणाची परवानगी काढावी लागत नसे. ज्या काळी खेड्यातील बाईला रुपयाही स्वतःच्या अखत्यारीत खर्च करता येत नव्हता, त्या काळी ती या मार्गाने एका शिक्षणसंस्थेची आश्रयदाती झाली. देणे रोजचे असल्यामुळे त्या मुलांची आठवणही रोजची राहिली. शिवाय धान्य गोळा करायला मुलेच येत, त्यामुळे आपली मूठ कोणाच्या पोटात जाते हे दात्याला डोळ्यांनी दिसे, आणि आपण कोणाच्या घासावर शिकतो हे मुलालाही विसरता येत नसे. हिशेबाची वही जितकी पारदर्शक असू शकते त्याहून हा व्यवहार अधिक पारदर्शक होता.

तरीही असे दिवस येत की कोठार रिकामे पडे. अशा वेळी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी माहेरचे आणि सासरचे दागिने एकेक करून मोडले, आणि शेवटी मुलांच्या जेवणासाठी मंगळसूत्रही दिले, ही हकीकत सातारा जिल्ह्यात अजून सांगितली जाते. सनातनी जैन घरातून आलेली ही स्त्री सर्व जातींच्या मुलांना स्वतःच्या हाताने वाढू लागली, त्यांची आजारपणे काढू लागली, आणि १९३० साली, संस्थेचे वैभव दृष्टीस पडण्यापूर्वीच, निवर्तली. शिक्षणसंस्थांच्या इतिहासात अशा स्त्रियांना एखादे तैलचित्र व एखाद्या इमारतीचे नाव यापलीकडे फारसे काही लाभत नाही. वस्तुतः रोज शंभर पाने मांडण्याचा संसार ज्यांनी केला, त्यांना संस्थापक म्हणावयास काय हरकत आहे?

दानावर चालणाऱ्या वसतिगृहात मुलगा जगतो, पण त्याच्या मनात मिंधेपणा शिरण्याचा धोका असतो. भाऊरावांनी तो ओळखला होता. म्हणून वसतिगृहातील मुलांनी दळण, स्वयंपाक, झाडलोट, धुणे ही कामे स्वतः करावीत, खडकाळ जमीन फोडून शेतीस योग्य करावी, झाडे लावावीत, बांधकामावर दगडमाती वाहावी, आणि त्या श्रमाच्या मोबदल्यात आपले शिक्षण घ्यावे, अशी पद्धत त्यांनी बसविली. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे संस्थेचे बोधवाक्य या पद्धतीतूनच आलेले आहे. १९४० साली साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले आणि १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज. तेथे ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व महाविद्यालयाच्या पातळीवर प्रथमच नियमाने अमलात आले. आज पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात भाऊरावांच्याच नावाने कमवा व शिका योजना चालते. विद्यार्थी ग्रंथालयात, बागेत, कार्यालयात ठराविक तास काम करतो आणि तासाप्रमाणे वेतन घेतो. भाऊराव ९ मे १९५९ रोजी वारले. त्यांच्या संस्थेच्या शाखा आज सातशेच्या घरात आहेत.

याच काळात, वेगळ्या वाटेने, पण हेच दुखणे ओळखून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कार्यास आरंभ केला होता. १९२४ साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने हाती घेतलेल्या पहिल्या कामांपैकी एक म्हणजे सोलापूर येथील विद्यार्थी वसतिगृह, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पुढे १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापिली आणि १९४६ साली मुंबईस सिद्धार्थ महाविद्यालय उघडले, तेव्हा तेथील वर्ग सकाळी भरविण्याची व्यवस्था मुद्दाम केली; कारण शिकण्यासाठी नोकरी सोडणे ज्याला परवडत नाही, त्याला कचेरीची वेळ होण्यापूर्वी शिकून मोकळे होता आले पाहिजे. वेळापत्रकातील हा एवढासा फरक हजारो कारकुनांच्या आणि पट्टेवाल्यांच्या आयुष्याला वळण देणारा ठरला.

रात्रीच्या शाळांची कहाणीही अशीच आहे. १८५५ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात शेतकरी व मजूर यांच्यासाठी रात्रीची शाळा चालविली, आणि त्या बीजातून पुढे मुंबईच्या गिरणगावात रात्रशाळांची एक परंपराच निर्माण झाली. दिवसभर खानावळीत ताटे उचलणारा, दुकानात गाठोडी बांधणारा किंवा घरोघर वर्तमानपत्रे टाकणारा मुलगा संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास वर्गात येऊन बसतो. शेजारच्या बाकावर त्याच्याहून दहा-पंधरा वर्षांनी मोठी अशी एखादी घरकाम करणारी बाई दहावीचे गणित सोडवीत असते. आणि दिवसा दुसऱ्याच शाळेच्या मालकीच्या असलेल्या त्या वर्गात फळ्यावरचे सकाळचे लिखाण पुसून गुरुजी शिकवायला उभे राहतात. येथेही पहिली अडचण पाटीपुस्तकाची नसून पोटाची असते. कामावरून थेट आलेल्या मुलाला भूक अनावर होते, आणि दुसऱ्या तासाला त्याचे डोळे मिटू लागतात. ज्या ज्या रात्रशाळांतून कोणा शेजाऱ्यांनी, माजी विद्यार्थ्यांनी अथवा मंडळाने तास सुरू होण्यापूर्वी चार घास देण्याची सोय केली, तेथे हजेरीपटावर त्याचा परिणाम दिसल्यावाचून राहत नाही.

स्वातंत्र्यानंतर हे सर्व कार्य शासनाकडे जाईल आणि समाजाला त्यातून मोकळीक मिळेल, अशी एक समजूत होती. ती काही अंशी खरी ठरली. समाजकल्याण खात्याची वसतिगृहे जिल्ह्याजिल्ह्यांत निघाली, शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. तरीही १९५५ साली पुण्यात डॉ. अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी सहाय्यक समिती स्थापन केली ती कशासाठी, याचा विचार करावा. ग्रामीण भागातून पुण्यास येणारा हुशार मुलगा कोणत्या जातीचा आहे हे न पाहता त्याला अल्प खर्चात राहण्याची व जेवण्याची सोय मिळावी, वसतिगृहातील कामे मुलांनी आपसांत वाटून घ्यावीत, शिकता शिकता काही कमवावे, आणि शहरातील सुस्थित नागरिकांनी या मुलांशी केवळ देणगीदाराचे नव्हे तर पालकाचे नाते जोडावे, हा त्यामागील हेतू होता. शासन खोली देऊ शकते, भत्ता देऊ शकते. परीक्षेत नापास झालेल्या मुलाला चहाला बोलावून धीर देणे हे कोणत्याही खात्याच्या अंदाजपत्रकात बसत नाही.

आजच्या स्थितीकडे वळू. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने ८ लाख रुपयांपेक्षा कमी वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, इतर मागास इत्यादी वर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे संपूर्ण शिक्षणशुल्क माफ केले. ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत अहिल्यादेवी होळकरांच्या नावाच्या योजनेतून एस.टी.चा पास फुकट मिळतो, आणि मागास तालुक्यांत ‘मानव विकास’ची निळी गाडी त्यांच्यासाठी म्हणून धावते. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी २०१६–१७ पासून स्वाधार योजना आहे. मुंबई–पुण्यासारख्या मोठ्या शहरांत जेवण, खोली आणि किरकोळ निर्वाह मिळून वर्षाला ६०,००० रुपयांची तरतूद त्यात केलेली आहे. या सर्व तरतुदी मनापासून स्वागतार्ह आहेत. पण फी माफ झालेल्या मुलीलाही खोलीचे भाडे आणि मेसचे पैसे दरमहा एक तारखेला द्यावे लागतात, आणि मंजूर झालेली रक्कम बँकेच्या खात्यात जमा होईपर्यंत कधी कधी अर्धे वर्ष उलटून जाते. घरमालक थांबत नाही, मेसवालाही थांबत नाही. वारांच्या काळात जो प्रश्न होता तोच आज, वेष पालटून, पुन्हा दारात उभा आहे.

सोलापूर, लातूर, कोल्हापूर अशा शहरांच्या एस.टी. स्थानकावर सकाळी जरा लवकर गेल्यास या प्रश्नाचे एक बोलके दृश्य पाहावयास मिळते. खेड्यांतून येणाऱ्या पहिल्या गाड्यांच्या टपावर नव्हे, तर थेट चालकाच्या केबिनमध्ये, इंजिनाच्या झाकणाशेजारी, कापडी पिशव्यांची रास लागलेली असते. प्रत्येक पिशवीवर शाईने नाव आणि गाव लिहिलेले. आत स्टीलचा डबा, त्यात पहाटे थापलेल्या भाकरी, कोरडी भाजी, एका पुडीत शेंगदाण्याची चटणी. गाडी थांबली की मुले धावत येतात, आपापली पिशवी उचलतात आणि आदल्या दिवशीचा घासलेला डबा परतीच्या गाडीत ठेवतात. मेस परवडत नाही म्हणून आईने लढविलेली ही युक्ती. आणि ती चालते, कारण गाडीचा चालक व वाहक विनातक्रार तो भार रोज सांभाळतात. पावसात पूल पाण्याखाली गेला अथवा संप झाला, की त्या दिवशी शहरातील कितीतरी मुले उपाशी राहतात. मुष्टिफंडातील बाई आणि ही डबा पाठविणारी आई या एकाच कुळातील. फरक इतकाच की पहिलीच्या मागे अख्खे गाव उभे होते, आणि दुसरी एकटी आहे.

हे एकटेपण घालविण्याचे कार्य शासनाच्या हुकमाने होणारे नाही; ते गावाचे आहे, गल्लीचे आहे, सोसायटीचे आहे. गणेशोत्सवाची वर्गणी आपण बिनबोभाट देतो. तिच्यातील दहावा हिस्सा जवळच्या वसतिगृहाच्या कोठारासाठी बाजूला काढावा, असा ठराव मंडळाने केला तर त्यास कोण हरकत घेईल? जून महिन्यात प्रवेश सुरू होतात आणि मुलांच्या हाती पैसा सर्वांत कमी असतो तोही याच सुमारास. वाचकांना विनंती एवढीच की, येत्या जूनमध्ये आपल्या गावातील एखाद्या वसतिगृहाच्या किंवा रात्रशाळेच्या व्यवस्थापकांना स्वतः जाऊन भेटावे, कोणत्या मुलाची रक्कम अडकली आहे आणि कोणाची खानावळ थकली आहे हे विचारावे, आणि शासकीय रक्कम हाती येईपर्यंतचे चार-सहा महिने एका मुलाचे किंवा मुलीचे जेवण आपल्या घराच्या खर्चात धरावे.